टी. आर. शिर्के

हजेरीपटात ती माझ्या वर एक ओळ.
टी. आर. शिर्के, लेखा विभाग, प्रतापनगर.
दोघीही खेळाडूंच्या कोट्यातून आलेल्या,
ती माझ्या आधी अकरा दिवस,
आणि त्या अकरा दिवसांवर ती तीन वर्षं बसून होती
खुर्चीत उशी घालून बसावं तशी.

वरची जागा एकच निघाली.
माझ्या रजेच्या हिशेबात तिनं खो घातला,
समासात, बारीक पेन्सिलीनं: तपासून पाहावे.
मी तिच्या प्रवासभत्त्यात.
फाइल वर गेली, खाली आली, परत वर.
देसाईसाहेब म्हणाले,
बेन, तुम्ही दोघी मैदानावर काय ते उरकून घ्या ने.

सरावात आम्हाला कायम विरुद्ध बाजूंना टाकत.
पळायला उतरताना ती चष्मा काढायची
आणि माझ्यासमोरून नेऊन दुसऱ्याच कुणाला द्यायची.
मी तिला कशी दिसत असेन मग?
धूसर काहीतरी, अंगावर येणारं.

पाठलाग करणारीला नियम फार:
घेतलेली दिशा खांबापर्यंत सोडायची नाही,
मधली पट्टी ओलांडायची नाही.
पळणारीला कसलाच नाही.
बसलेल्यांच्या मधून ती सुईसारखी
या बाजूची त्या बाजूला,
वेणी तिच्यामागे अर्धा क्षण उशिरा.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
मी सूर मारला. हाताला लागली
तिच्या टाचेनं उडवलेली माती.
वर बघितलं तर ती हसत नव्हती.
ते मला जास्त लागलं.

मग मंडळाच्या संघात दोघींची नावं आली.
मी चौकात, तोंड स्टेशनकडे,
पाठलागावर ती, माझ्या पाठीमागे कुठेतरी.
दिसत काही नव्हतं.
बूट ऐकू येत होते. श्वास.
आणि एकाएकी दोन फऱ्यांच्या मधोमध तळवा:
खो!

किती गडी बाद केले ते गुणपत्रकात असेल.
मला तळवा आठवतो.
तीन वर्षं माझ्या फायली परत पाठवणारा,
आणि इतका गरम.

परतताना विश्वामित्रीच्या पुलावर तिनं स्कूटर थांबवली.
मगर दिसते का बघू, म्हणाली.
मगर नव्हती. एक म्हैस होती, गळ्यापर्यंत पाण्यात.
मी म्हटलं, तो रजेचा हिशेब…
"मीच घातला खो. जागा एकच आहे ने.
उद्या परत घालीन."
मग बराच वेळ कठड्याचं रंगाचं पोपडं नखानं काढत राहिली.
"पण तुझी पाठ समोर आली की
मला पाय आवरता येत नाहीत."

टी. म्हणजे काय, मी विचारलं.
या ऑफिसात कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.
"तिलोत्तमा. वडिलांना नाटकांचा नाद."
इतक्या हसलो आम्ही
की म्हशीनं मान वळवून बघितलं.
हसू ओसरलं, तसा तिनं चष्मा काढला.
या वेळी माझ्या हातात दिला.

जागेचा निकाल अजून लागलेला नाही.
माझं टेबल खिडकीकडे, तिचं दाराकडे,
एकाआड एक तोंडं फिरवून बसवल्यासारखी.
सकाळी हजेरीपट घेऊन ती माझ्या खुर्चीमागून जाते.
पंखा, शिक्क्यांचा ठकठक, कुणाचातरी चहा.
पाठीवर, नेमकी तीच जागा, दोन बोटं.

आवाजाशिवाय दिलेला खो नियमात बसत नाही,
दहाव्या वर्षापासून मला पाठ आहे.

तरी उठते.
कपाटापर्यंत जाते,
नको असलेली एक फाइल काढते,
आणि परत येऊन बसते.